सारीपाटांतला हरवलेला भिडू

मराठींत असे कांहीं शब्दप्रयोग आहेत कीं, ते ज्या खेळांतून आले तो खेळ बोलणाऱ्यानें बहुधा पाहिलेलाहि नसतो. 'दान मनासारखें पडलें', 'जुग फुटलें', 'त्यानें पोबारा केला' असें आपण सहज बोलून जातों. पोबारा म्हणजे तीन फांशांवर मिळून एक आणि बारा, म्हणजे एक एक्का व दोन छक्के पडणें. जुग म्हणजे एकाच घरांत येऊन बसलेल्या एका रंगाच्या दोन सोंगट्या. सारीपाट घरांतून गेला, परंतु त्याची परिभाषा संसारांत राहिली. खेळांतलाच 'भिडू' हा शब्द आज मुंबईच्या रस्त्यावर कोणाहि दोस्ताला लावतात. मूळचा त्याचा अर्थ मात्र नेमका आहे. ज्याचा जय तो आपला जय आणि ज्याची हार ती आपली हार, असा खेळांतला जोडीदार म्हणजे भिडू.

सारीपाट आणि पचीशी हीं एकाच पटावरचीं भावंडें. त्यांच्यापासून परदेशांत लुडो झाला, आणि लुडोपासून भ्रमणध्वनीच्या कांचेवरचा आजचा लुडो. ही सारी वंशावळ शर्यतीच्या खेळांची आहे. बुद्धिबळांत शत्रूच्या राजाला कोंडावयाचें असतें. येथें आपल्या सोंगट्या सर्वांआधीं पटाला फेरा घालून घरीं आणावयाच्या असतात. ह्या वंशावळींत प्रत्येक नव्या पिढीनें मागच्या पिढीचें कांहीं ना कांहीं टाकून दिलें. काळाबरोबर खेळ बदलणारच. त्याबद्दल नुसते सुस्कारे टाकण्यांत अर्थ नाहीं. परंतु काय गेलें, कां गेलें आणि गेलेल्या वस्तूचें मोल काय होतें, एवढें तरी पाहावयास हवें.

फांशांचा नाद आपल्याकडे फार जुना आहे. वेरूळच्या १४, २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत शिवपार्वती अक्षक्रीडा करीत असल्याचीं शिल्पें आहेत. सोळा सोमवारांच्या कहाणींत हींच दोघें देवळांत सारीपाट मांडून बसतात, आणि डाव कोणी जिंकला ह्या प्रश्नाचें उत्तर देवळांतल्या गुरवाला भोंवतें. उत्तरेकडे ही कथा सांगतात तेव्हां त्या नगरीचें नांव विदर्भांतली अमरावती असें देतात, ही गोष्ट आम्हां वैदर्भीयांस सुखावणारी आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लासां'त फांशांच्या व कवड्यांच्या क्रीडांचें वर्णन आहे. अर्थात् वेरूळचें द्यूत आणि आजोबांचा सारीपाट एकच, असें म्हणण्याचें धाडस अभ्यासकानें करूं नये. आपल्या ओळखीच्या पटाचें स्वच्छ वर्णन अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस सांपडतें. चार रंगांच्या सोळा सोंगट्या आणि एक, दोन, पांच, सहा असे ठिपके असलेले तीन लांबट फांसे त्यांत वर्णिले आहेत. बादशहा ह्या खेळाच्या निमित्तानें माणसें पारखीत असे, असेंहि अबुल फजल सुचवितो. दरबारी माणसाची ही स्तुति सोडून दिली, तरी माणूस पारखण्याजोगें ह्या खेळांत काय होतें, हा प्रश्न उरतोच.

त्यासाठीं पटच मांडून पाहिला पाहिजे. अधिकाच्या आकाराचें एक कापड, त्याच्या चार बाहू. प्रत्येक बाहूंत आठ आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चोवीस घरें. चारी बाहूंचीं मिळून ९६. प्रत्येक बाहूंत तीन घरांवर फुली असते, आणि फुलीवर बसलेल्या सोंगटीला कोणी मारूं शकत नाहीं. सोंगटी मधल्या चौकांतून निघते, आपल्या बाहूच्या मधल्या ओळींतून उतरते, साऱ्या पटाला बाहेरून वळसा घालते आणि पुन्हां त्याच मधल्या ओळीनें घरीं येते. परतणारी सोंगटी आडवी निजवितात, म्हणजे निघालेली कोणती आणि पोंचत आलेली कोणती तें कळावें. सारीपाट फांशांनीं खेळतात, पचीशी कवड्यांनीं. सहा कवड्यांच्या रीतींत सगळ्या पालथ्या पडल्या तर २५, एकच उताणी पडली तर १०, आणि एरव्हीं जितक्या उताण्या तितकीं घरें. ह्या पंचविसावरूनच पचीशी हें नांव आलें.

आतां बसणारांकडे पाहूं. चौघे चार बाजूंस बसत; परंतु पक्ष चार नसत, दोनच असत. पिवळा आणि काळा एकीकडे, लाल आणि हिरवा दुसरीकडे, भिडू समोरासमोर. आपल्या चारी सोंगट्या घरीं आल्या म्हणून डाव जिंकला असें होत नसे. भिडूच्या चारी आल्या पाहिजेत, म्हणजे आठांची शर्यत. म्हणून शहाणा खेळाडू घराच्या दाराशीं आलेली आपली सोंगटी आंत न नेतां पुन्हां फेऱ्यावर पाठवी, आणि मागें अडकलेल्या भिडूच्या वाटेंतले शत्रु मारून त्याला वाट मोकळी करून देई. शिवाय पडलेलें दान चाललेंच पाहिजे अशी सक्ति नव्हती. फुलीवर सुरक्षित बसलेली सोंगटी हलविणें धोक्याचें वाटलें, तर दान सोडून देतां येई. मिळालेलें सोडावयाचें केव्हां, आणि आपण पोंचलों असतांहि मागें वळावयाचें केव्हां, हे दोन निर्णय ह्या खेळाचें मर्म होत. फांसा नशिबाचा होता. हे निर्णय खेळणाराचे होते. माणूस पारखला जाई तो येथें.

हा खेळ केवळ राजवाड्यांचा नव्हता. फांसे हस्तिदंती आणि पट रेशमी असूं शकत. पण जमिनीवर कोळशानें रेघा मारून आणि सहा कवड्या जमवूनहि पचीशी मांडतां येई. आणि कवडी दुर्मिळ वस्तु नव्हती. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यांत १७५१ पासून १८०३ पर्यंत जो ओरिसा होता, तेथें कवडी हेंच रोजच्या व्यवहाराचें नाणें होतें. कंपनी सरकारनें पुढें तेथें महसूल रुपयांत मागावयास प्रारंभ केला, आणि १८१७ च्या पाइकांच्या उठावाच्या कारणांत कवडीचें हें उच्चाटनहि इतिहासकार गणतात. जी कवडी एका प्रांतांत राज्याचा हिशेब सांभाळी, तीच दुसऱ्या प्रांतांत ओसरीवर खुळखुळे. नागपूर-वऱ्हाडचा उन्हाळा ज्यांनीं भोगला आहे, त्यांस ह्या खेळाच्या लांबीचें कारण सांगावयास नको. वैशाखाच्या दुपारीं, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून बसलेल्या चौघांना चार घटका कोठें जावयाचेंच नसे.

परदेशच्या प्रवासांत मात्र ह्या खेळाचें सामान वाटेंत गळत गेलें. अमेरिकेंत 'पार्चीझी' हें नांव १८७४ सालीं व्यापारचिन्ह म्हणून नोंदलें गेलें. तेथें कवड्यांच्या जागीं दोन चौकोनी फांसे आले. तरी सुरक्षित घरें टिकलीं, आणि दोन सोंगट्यांनीं मिळून वाट अडविण्याची युक्तीहि टिकली. इंग्लंडांत १८९६ सालीं लुडोचें पेटंट घेण्यांत आलें. त्यांत एकच फांसा उरला, आणि बाहूंतलीं घरें चोविसांची अठरा, म्हणजे चारी मिळून ९६ चीं ७२ झालीं. सर्वांत मोठा बदल म्हणजे चौघे चार झाले. प्रत्येकजण आपापला. लुडो ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी खेळतों' असा आहे. प्रथमपुरुषी एकवचन! नांव ठेवणाराच्या मनांत व्याकरणाचा हा विचार नसेल. पण नांव खेळाला बरोबर बसलें. पुढें म्युनिच येथें योझेफ फ्रीड्रिख श्मिट ह्यानें १९०७-०८ च्या सुमारास ह्याच वंशांतला 'मेन्श एर्गेरे दिश निश्ट', म्हणजे 'माणसा, चिडूं नकोस', हा खेळ सिद्ध केला. त्यांत वाटेवर एकहि सुरक्षित घर उरलें नाहीं. पहिल्या महायुद्धांत त्यानें ह्या खेळाचे ३००० संच सैनिकी इस्पितळांना धाडले, आणि जर्मनींत तो घरोघरीं पोंचला. भिडू गेला, आसरा गेला. मागें उरली ती धांव आणि मारामारी, म्हणून न चिडण्याचा उपदेश नांवांतच घालावा लागला.

ह्या कापाकापींत दुष्टपणा कोणाचाच नव्हता. लुडो हा इंग्रजी कुटुंबांतल्या मुलांसाठीं होता. अर्ध्या तासांत संपावा, सहा वर्षांच्या मुलाला समजावा, एवढीच त्याची अपेक्षा. आश्चर्य आहे तें पुढेंच. हा सोपा केलेला खेळ पुठ्ठ्यावर छापला जाऊन आपल्याकडे परत आला, पाठीवर सापशिडी घेऊन, आणि त्यानें मूळ खेळाला घराबाहेर काढलें. हें कसें घडलें? एक तर पुठ्ठा स्वस्त होता. दुसरें, शाळा आणि कचेरी ह्यांच्या घड्याळांत लांबलेला डाव बसेना. आणि तिसरें कारण आम्हां शिकलेल्यांस लाजविणारें आहे: लुडोबरोबर नियमांचा छापील कागद येई, आणि आमचे नियम आजीच्या तोंडीं होते. गांवोगांव ते निराळे, म्हणून वाद होत. वाद मिटवावयास वडीलधारें माणूस लागे. तें माणूस गेलें कीं नियमहि गेले. लिहिणारे नव्हतेच असें नाहीं. औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्म्यांनीं १८७१ सालीं, म्हणजे अमेरिकेंतल्या त्या नोंदणीच्या तीन वर्षें आधीं, 'क्रीडाकौशल्य' हा आपल्या खेळांवरचा ग्रंथ रचला. पण तो संस्कृतांत. ज्यांच्या घरीं पट होता त्यांच्या हातीं ग्रंथ नव्हता, आणि ज्यांच्या हातीं ग्रंथ होता त्यांच्या घरीं तोंवर इंग्रजी शाळेचें घड्याळ आलें होतें.

पुढची पिढी आपल्या डोळ्यांसमोरची. २०१६ सालीं नवी मुंबईंतल्या एका कंपनीनें काढलेला 'लुडो किंग' २०२० च्या टाळेबंदींत घरोघर पोंचला. त्या एकांतवासांत त्यानें दूरदूरच्या नातलगांना एका पटावर आणलें, हें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. भ्रमणध्वनीवरच्या ह्या पटांवर चांदणी काढलेलीं सुरक्षित घरें दिसतात. जुन्या फुल्यांचीच ती आठवण. कांहीं पटांवर जोडीनें खेळण्याची सोयहि आढळते. पण ती बाजूस ठेवलेली सोय आहे, खेळाचा कायदा नव्हे. दरम्यान लुडोवर पैसे लागूं लागले. लुडो हा कौशल्याचा खेळ कीं नशिबाचा, हा वाद २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें गेला. ऑगस्ट २०२५ मध्यें तर संसदेनें पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, बंद करणारा कायदाच संमत केला. न्यायालयांतला तो प्रश्न उद्भवला कां, ह्याचें उत्तर मला वरच्या इतिहासांत दिसतें. दान सोडण्याचा हक्क काढला, परतून भिडूला सोडविण्याचा निर्णय काढला, तर फांशाशिवाय उरतें काय? निर्णय जितके कमी, तितकें नशीब मोठें. आणि निव्वळ नशीब उरलें कीं त्यावर पैसा लागावयास वेळ लागत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, जुना खेळ काय सोंवळा होता? नव्हता. धर्मराजाचें द्यूत आपल्याला पाठ आहे. 'लीळाचरित्रां'त श्रीचक्रधरांच्या पूर्वायुष्यांत द्यूताचें व्यसन, त्यांतली हार आणि पत्नीनें दागिने देण्यास दिलेला नकार हा प्रसंग आहे, आणि तेथूनच त्यांच्या मनांत संसाराविषयीं उबग उत्पन्न झाला. फांशाला पैसा पूर्वींहि चिकटत होता. तेव्हां जुनें तें सोनें म्हणून गळा काढण्याचें कारण नाहीं. फरक एवढाच कीं, भिडूच्या डावांत एकट्याचा लोभ एकट्यापुरता राहत नसे. समोर बसलेला माणूस डोळ्यांनीं तुम्हांस विचारी, 'तूं घरीं पोंचलास, माझें काय?'

हें केवळ स्मरणरंजन नव्हे, ह्यास एक परका पुरावा आहे. इंग्लंडच्या शाही नौदलांत 'अकर्स' नांवाचा एक खेळ खेळतात. पट लुडोचाच, पण खलाशांनीं त्यांत दोन फांसे आणले, वाट अडविणाऱ्या सोंगट्यांच्या जोड्या आणल्या, आणि चौघांचे पुन्हां दोन पक्ष केले. त्यांस पचीशीचें पुनरुज्जीवन करावयाचें होतें असें मुळींच नाहीं. महिनेच्या महिने एका जहाजावर काढणाऱ्या माणसांना एकेकट्यानें धांवण्याचा खेळ अपुरा वाटला, इतकेंच. जेथें माणसें खरोखर एकत्र राहतात, तेथें भिडू आपोआप परत येतो, असा ह्याचा अर्थ मी घेतों.

मग आपल्या घरांतून तो कां गेला, ह्याचा विचार पुठ्ठ्याला किंवा भ्रमणध्वनीला दोष देऊन संपत नाहीं. ज्यांच्या घरीं सारीपाटाचें कापड अजून ट्रंकेंत पडलें असेल, त्यांनीं तें वस्तुसंग्रहालयांत देण्यापूर्वीं एकदां जमिनीवर पसरावें, आणि घरांत जें कोणी ऐंशीच्या घरांतलें माणूस असेल त्याला विचारून नियम मराठींत लिहून ठेवावे; आपल्या गांवचे, जसेच्या तसे, शेजारच्या गांवाशीं जुळोत वा न जुळोत. ज्यांच्याजवळ कापड नाहीं त्यांनीं पुठ्ठ्याच्या लुडोवरच समोरच्यास भिडू करून पाहावें. त्यासाठीं नवीन कांहीं विकत घ्यावयाचें नाहीं; आपल्या चार सोंगट्या घरीं आल्यावर उठून जावयाचें नाहीं, एवढीच काय ती अट.