शिफारशीची ताकद : ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाची वाटचाल

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत आपल्यासारखे मूलभूत हक्कांचे प्रकरण नाही. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या आपल्या कलम २१ सारख्या तरतुदीवर बोट ठेवून सरकारला जाब विचारावा, अशी सोय तिथे नाही. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी संसदेने १९८६ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनीच, ‘मानवी हक्क आणि समान संधी आयोग’ कामाला लागला. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार या कायद्याला जोडलेला होता. पुढे बालहक्क संहिताही आयोगाच्या कक्षेत आली.

तक्रार ऐकायची, चौकशी करायची आणि अहवाल संसदेपुढे जाईल असे पाहायचे, एवढेच आयोगाच्या हाती होते. आदेश देण्याचा अधिकार नव्हता. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर आयोगाने सर्वांत चिवट लढत दिली ती व्हिसाविना आलेल्या आणि कुंपणाआड डांबलेल्या परक्या माणसांसाठी.

या लढतीचे मूळ १९९२ मध्ये आहे. कंबोडियातून बोटींनी आश्रय मागत आलेल्या काही जणांच्या सुटकेचा अर्ज न्यायालयापुढे होता. सुनावणीला दोन दिवस उरले असताना संसदेने एका दिवसात कायदा मंजूर केला आणि अशा लोकांची स्थानबद्धता सक्तीची करून टाकली. सुरुवातीला तिला २७३ दिवसांची मर्यादा होती. १९९४ पासून तीही गेली. व्हिसा मिळेपर्यंत किंवा देशाबाहेर पाठवेपर्यंत आत राहायचे, मग त्याला कितीही वर्षे लागोत.

आयोगाची पहिली मोठी झटापट झाली ती एका बंद पाकिटावरून. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हेडलंडच्या स्थानबद्धता केंद्रात असलेल्या लोकांना आयोगाने १९९६ मध्ये मोहोरबंद पत्र पाठवले. तक्रार करण्याचा हक्क आहे हे ठाऊकच नसेल, तर माणूस तक्रार करणार कशी? पण इमिग्रेशन खात्याने पाकीट पोहोचवायला नकार दिला. आयोग थेट फेडरल न्यायालयात गेला आणि जिंकला. सरकारने पुढे कायद्यातच पाचर मारली : स्थानबद्ध माणसाने स्वतः लेखी तक्रार केल्याशिवाय आयोगाचे पत्र त्याच्या हाती देण्याचे बंधन नाही. म्हणजे विहीर दाखवायची नाही आणि तहान लागली तर पाणी मागायला या म्हणायचे, तशातलाच हा प्रकार.

दरम्यान, १९९७ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ऑस्ट्रेलियाविरुद्ध मत दिले. एका कंबोडियन आश्रयार्थीला चार वर्षांहून अधिक काळ डांबणे मनमानी ठरते आणि त्या स्थानबद्धतेची न्यायालयाकडून खरीखुरी तपासणीही त्याला मिळाली नाही, असे समितीने म्हटले. १९९८ मध्ये आयोगाचे आयुक्त ख्रिस सिडोटी यांनी आपला अहवाल मांडला. समुद्रापलीकडून आलेल्यांचे स्वागत करणाऱ्या राष्ट्रगीतातल्या ओळीवरूनच त्यांनी अहवालाला नाव दिले. धोरण करारांचा भंग करते, हा त्याचा निष्कर्ष होता. सरकारने अहवालाला केराची टोपली दाखवली. १९९९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वूमेराच्या वाळवंटात नवे केंद्र उघडले.

वाटचालीतला कळीचा टप्पा त्यानंतर आला. २००१ च्या अखेरीस आयुक्त सेव्ह ओझदोव्स्की यांनी स्थानबद्ध मुलांविषयी राष्ट्रीय चौकशी जाहीर केली. हे गृहस्थ स्वतः पोलंडहून आलेले. चौकशी पथक केंद्राकेंद्रांत गेले, कुटुंबांशी बोलले. मुलांना नावाऐवजी क्रमांकाने हाक मारली जाते, याचीही त्यांनी नोंद घेतली. मे २००४ मध्ये अहवाल संसदेत आला, तेव्हा आकडेच बोलू लागले. जुलै १९९९ ते जून २००३ या काळात बोटींनी व्हिसाविना आलेली २,००० हून अधिक मुले आत होती. त्यातल्या ९२ टक्क्यांहून अधिक मुलांना शेवटी निर्वासित म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे ज्यांना आसरा द्यायचाच होता, त्यांनाच आधी डांबले. एक मूल तर ५ वर्षे, ५ महिने आणि २० दिवस आत होते. मुलाला अटकेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा आणि तोही कमीत कमी काळासाठी, असे बालहक्क संहितेचे कलम ३७ सांगते. इथे तो पहिलाच उपाय झाला होता.

चार आठवड्यांत मुलांना सोडा, असे आयोगाने सांगितले. सरकारने मानले नाही. त्याच ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने, जे तिथले सर्वोच्च न्यायालय, ‘अल-कातिब’ खटल्यात ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला : पाठवायला देशच नसलेल्या माणसालाही बेमुदत डांबता येते. सगळी दारे बंद झाल्यासारखे वाटत होते. पण अहवालातले आकडे विरून गेले नाहीत. २००५ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्याच पक्षातले पेट्रो जॉर्जिऊ आणि काही खासदार अडून बसले. त्यातून मुलांना ‘शेवटचा उपाय’ म्हणूनच स्थानबद्ध करण्याचे तत्त्व कायद्यात आले आणि जुलैअखेर मुले असलेली कुटुंबे वस्तीत राहायला गेली.

२००८ पासून संस्था ‘ऑस्ट्रेलियन मानवी हक्क आयोग’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पण बोटी पुन्हा वाढल्या आणि मुले पुन्हा कुंपणाआड गेली. २०१४ मध्ये अध्यक्ष गिलियन ट्रिग्ज यांनी दुसरी चौकशी केली. पथकाने अकराशेहून अधिक मुले व पालकांच्या मुलाखती घेतल्या. ऑस्ट्रेलिया आश्रयार्थींना जिथे पाठवत असे, त्या नाऊरू बेटावर मात्र त्यांना जाऊ दिले नाही. मुलांनी काढलेली गजांची आणि रडक्या चेहऱ्यांची चित्रे अहवालात छापली गेली. अहवालाने आधीच्या आणि चालू, दोन्ही सरकारांना दोष दिला. तरी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी आयोगावर पक्षपाताचा आरोप केला. ट्रिग्ज यांनी पद सोडावे म्हणून दुसऱ्या कामाचा प्रस्तावही त्यांच्यापर्यंत पोहोचवला गेला. त्यांनी तो नाकारला. या प्रकरणावरून मार्च २०१५ मध्ये सिनेटने ॲटर्नी जनरल जॉर्ज ब्रँडिस यांच्या निषेधाचा ठराव केला. ट्रिग्ज २०१७ पर्यंत पदावर राहिल्या आणि मुदत पुरी करूनच गेल्या.

८ नोव्हेंबर २०२३ रोजी एका राज्यविहीन रोहिंग्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाने ‘अल-कातिब’चा निकाल फिरवला. नजीकच्या काळात देशाबाहेर पाठवणे शक्य नसेल, तर डांबून ठेवणे ही शिक्षाच ठरते आणि शिक्षा देणे हे सरकारचे नव्हे, न्यायालयाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले.

१९९२ ची सक्ती कायद्यात आजही कायम आहे आणि आयोगाचा अधिकार आजही शिफारशीपुरताच. तरी या वाटचालीतून एक गोष्ट सिद्ध झाली : सरकार शिफारस फेटाळू शकते, पण नीट तपासून लिहिलेली नोंद त्याला पुसता येत नाही. २००४ ची नोंद २००५ मध्ये कामी आली. मानवी हक्क आयोगांना ‘कागदी’ म्हणून हिणवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.