अमेरिकेतल्या छोट्या गावांची जुनी पोस्ट ऑफिसं एकसारखी का दिसतात?

अमेरिकेतल्या छोट्या गावांचे फोटो बघताना मुख्य रस्त्यावर एक इमारत बऱ्याचदा दिसते. विटांच्या भिंती, उंच जोतं, समोर पायऱ्या, बरोबर मधोमध दार आणि दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या. हे तिथलं पोस्ट ऑफिस. गाव बदललं तरी इमारत तीच वाटते. असं का?

उत्तर आहे महामंदी. १९२९ नंतर लाखो अमेरिकन बेकार झाले. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी सरकारी बांधकामांवर भर दिला, म्हणजे गवंडी, सुतार, मजुरांच्या हाताला काम मिळेल. त्या दशकात हजाराहून जास्त पोस्ट ऑफिसं उभी राहिली.

एवढ्या इमारतींचे वेगवेगळे नकाशे काढणार कोण? तेव्हा हे काम वॉशिंग्टनमधल्या अर्थखात्याच्या वास्तुविशारद कार्यालयाकडं होतं. त्यांनी ठरावीक नकाशे तयार केले आणि प्रदेशानुसार फक्त दर्शनी भागात फरक केला. म्हणूनच कितीतरी गावांच्या कोनशिलेवर लुई सायमन हे एकाच मुख्य वास्तुविशारदाचं नाव सापडतं.

आत काय असायचं?

आत शिरलं की लांबट लॉबी. समोर काउंटरच्या खिडक्या आणि भाड्यानं मिळणाऱ्या टपालपेट्यांची रांग, एका टोकाला पोस्टमास्टरची केबिन. काउंटरच्या मागं पत्रं वेगळी करायची मोठी खोली आणि त्यामागं टपाल चढवण्या-उतरवण्याचा धक्का.

या मोठ्या खोलीत वरच्या बाजूला एक बंदिस्त, चिंचोळी गॅलरी असायची. तिला बारीक फटी. टपाल निरीक्षक तिथून कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवायचे. लोक पाकिटातून पैसे पाठवायचे, त्यामुळं चोरीची भीती होती. वर कोणी आहे की नाही, हे खाली काम करणाऱ्यांना कळायचं नाही.

लॉबीत मात्र वेगळंच चित्र. १९३४ मध्ये सरकारनं कला विभाग सुरू केला. इमारतीच्या खर्चातला साधारण १ टक्का चित्रं आणि शिल्पांसाठी ठेवायचं ठरलं. भित्तिचित्राची जागा बहुतेक वेळा पोस्टमास्टरच्या दारावर असायची, म्हणून दाराची चौकट टाळून चित्र रचावं लागायचं. विषय गावातलेच: शेती, कारखाने, जुना इतिहास.

नियमाला अपवाद

न्यूयॉर्क राज्यातलं राईनबेक हे रुझवेल्ट यांच्याच जिल्ह्यातलं गाव. इथं त्यांनी विटांऐवजी स्थानिक दगडाचा आग्रह धरला. साधारण १७०० सालच्या एका डच घराच्या धर्तीवर हे पोस्ट ऑफिस बांधलं गेलं. १९३९ च्या समारंभाला ते स्वतः हजर होते. आतली भित्तिचित्रं ओलिन डाऊज यांची.

आज काय होतंय?

रुबाबासाठी बांधलेल्या पायऱ्या व्हीलचेअरवरच्या माणसांना अडवतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी नंतर बाजूनं रॅम्प जोडावे लागले. काही चित्रांमधल्या कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी लोकांच्या चित्रणावर आक्षेप घेतले जातात. पत्रं कमी झाल्यानं काही इमारती विकल्या गेल्या आणि तिथं दुसरेच व्यवसाय आले.

म्हणून अशी एखादी इमारत विकायला निघाली की प्रश्न फक्त जागेच्या किमतीचा नसतो. तिकीट घ्यायला आलेल्या कोणालाही फुकट बघता येणारं भिंतीवरचं चित्र यापुढं कोणाला बघायला मिळणार, हेही ठरवावं लागतं.