लूर, जिताड्यासाठीचे

माशाच्या रूपाची व हालचालीची नक्कल करणारे, रॉडने लांब फेकून रिळाने ओढत आणायचे कृत्रिम आमिष. पनवेलची खाडी, उरण-करंजाचा किनारा आणि धरमतरची खाडी या पट्ट्यात लूर टाकून गरवणाऱ्यांचे डोळे मुख्यतः जिताड्यावर (लॅटिस कॅल्कॅरिफर) असतात. तांब आणि रावसही गळाला लागतात. लूरची पारख मात्र जिताड्याच्या ताकदीवरूनच करावी.

जिताडा तिवरांच्या मुळांत, पुलाच्या खांबाआड किंवा खारबांधाच्या उघाडीच्या तोंडाशी दबा धरून असतो. ओहोटीच्या पाण्याबरोबर कोळंबी आणि बोयटे वाहत आली की तो तोंड झटक्यात उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. दात बारीक, कानशीसारखे खरखरीत. कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार. गळ लागताच तो मुळांकडे वळतो, पाण्याबाहेर उडी घेऊन डोके झटकतो. या पहिल्या काही क्षणांतला सगळा ताण गळ, तो लूरला जोडणारी कडी आणि लूरमधली तार यांवर येतो. रंग पाहून घेतलेला लूर नेमका इथे दगा देतो.

म्हणून आधी लूरची तार पाहावी. पुढच्या, दोरी बांधायच्या डोळ्यापासून शेपटीपर्यंत एकच अखंड तार असलेला लूर सर्वांत भरवशाचा. अंग फुटले तरी मासा तारेला टिकून राहतो. नुसता स्क्रू पिळून बसवलेला डोळा उपटून येऊ शकतो. लाकडी लूर पाण्यात सुरेख डुलतो, पण कालवे चिकटलेल्या खांबावर आपटून रंगाचा टवका उडाला की लाकूड पाणी पिते, फुगते आणि चिरते. पोकळ प्लॅस्टिकचा लूर सांध्यात उकलतो. अशी बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. लूर कोमट पाण्यात बुडवून धरला तर तिथून हवेचे बुडबुडे निघतात.

अनेक लूर गोड्या पाण्यातल्या हलक्या माशांच्या बेताने बनतात. त्यांच्या कड्या व ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे गळ, बदलून जाड लावावे लागतात. पण वजन वाढले की तरंगणारा लूर बुडू लागतो, त्याची चाल मरते. त्यामुळे बदल केल्यावर काठाजवळ ओढून पाहावा. खाडीत साधारण ८ ते १४ सेंटीमीटरचा लूर पुरतो. अंदमानच्या समुद्रात ५० किलोंच्याही वर वाढणाऱ्या जायंट ट्रेव्हॅलीसाठी वापरतात ते शंभर-दीडशे ग्रॅमचे पॉपर, म्हणजे पृष्ठभागावर पाणी उडवत चालणारे लूर, इथे निरुपयोगी. लूरच्या आधी जाड फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे मुख्य दोरी व लूर यांमधला तुकडा, हवाच, कारण कल्ल्याची कड ब्रेडेड दोरी सहज कापते. सुरमईच्या दातांपुढे तोही टिकत नाही. तिच्यासाठी तारेचा लीडर लागतो.

खारा चिखल कडीच्या दोन वेढ्यांमध्ये अडकतो आणि गंज तिथूनच धरतो. गरवून परतल्यावर लूर गोड्या पाण्याने धुऊन सुकवावा. गंजलेली कडी घासत न बसता फेकून द्यावी.

जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणून खाडीतले मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, ट्रेबल काढून जाड एकेरी गळ लावावा व त्याचा अणकुचीदार उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. असा गळ सहजासहजी वाकत नाही, आणि मोठी मादी लवकर सोडवून परत पाण्यात सोडता येते.