स्नूकर : जन्मभूमी आणि अधिकार

खेळांच्या इतिहासाकडे आपले विद्वान सहसा वळत नाहीत. लढाया व तहनामे यांपुढे टेबलावरील चेंडूंची कथा त्यांस क्षुल्लक वाटते. परंतु समाज कोणास आत घेतो व कोणास दाराबाहेर उभे करतो, हे सनदांइतकेच खेळांवरूनही कळते, असे आमचे मत आहे. स्नूकर हे त्याचे बोलके उदाहरण होय.

हा खेळ अस्सल विलायती, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक त्याचा जन्म १८७५ साली, पावसाळ्याच्या दिवसांत, जबलपूरच्या छावणीत झाला. नेव्हिल चेंबरलेन नामक तरुण लष्करी अंमलदाराने (इंग्लंडचा पुढे झालेला मुख्य प्रधान तो हा नव्हे) पंधरा तांबड्या चेंडूंच्या प्रचलित खेळात इतर रंगांचे चेंडू मिसळले. वुलिचच्या लष्करी विद्यालयात नवशिक्यास ‘स्नूकर’ म्हणून चिडवीत; एका सोबत्याचा नेम चुकताच चेंबरलेनने तो शब्द त्यास लावला आणि तो खेळासच चिकटला. १८८२ साली उटकमंडच्या क्लबात नियम कायम झाले. मात्र हा वृत्तांत बव्हंशी चेंबरलेनने स्वतः १९३८ साली, म्हणजे त्रेसष्ट वर्षांनी, लिहिलेल्या पत्रावर आधारलेला आहे. तेव्हा तपशिलाविषयी सावध राहिलेले बरे.

जन्म येथला, परंतु खेळ येथल्यांचा नव्हे! त्या काळच्या इंग्रजी क्लबांत एतद्देशीयांस सभासद म्हणून सहसा थारा नसे. तेथे पहिला प्रश्न ‘तू कसा खेळतोस?’ हा नसून ‘तू कोण?’ हा असे.

विलायतेत मात्र खेळाने निराळे वळण घेतले. १९२७ साली जो डेव्हिसने पहिले जागतिक अजिंक्यपद जिंकले, तेव्हा त्यास अवघे साडेसहा पौंड मिळाले. १९४६ पर्यंत ते पद त्याने एकदाही हातचे जाऊ दिले नाही. पुढे १९७६ साली धंदेवाईक खेळाडूंची क्रमवारी सुरू झाली. प्रथम तीत केवळ जागतिक स्पर्धेतील कामगिरी धरीत. १९८२ पासून इतर स्पर्धाही धरू लागले. ‘मानांकन स्पर्धा’ म्हणतात ती हीच. २०१४ पासून तर गुणांच्या जागी मागील दोन वर्षांतील बक्षिसाच्या रकमेवरूनच क्रम लावतात. ही पद्धत रोकडी खरी; पण तीत कुळ, वर्ण वा शिफारस यांस जागा नाही, हा तिचा मोठा गुण आम्ही मानतो.

अशी स्पर्धा भारतात प्रथम २०१३ साली दिल्लीस भरली. तत्पूर्वी, पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकून वाट दाखविलीच होती. दिल्लीस मुंबईचा आदित्य मेहता अंतिम सामन्यास पोहोचला. मानांकन स्पर्धेत तेथवर जाणारा तो पहिला भारतीय. समोर चीनचा डिंग जुनह्वी होता. त्याने पाचही डाव जिंकले. यात लाजण्याजोगे आम्हांस काहीच दिसत नाही. ज्या खेळाचे नियम क्लबाच्या बंद दारामागे ठरले, त्याच्या अंतिम सामन्यास एक भारतीय व एक चिनी खेळाडू उभे राहावेत आणि प्रेक्षागृहात आपले लोक बसावेत, हीच त्या दिवसाची खरी बातमी होती.

परंतु येथेच समाधान मानणे हा आत्मवंचनेचा प्रकार होईल. पुढे मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टण व कोची येथे ही स्पर्धा झाली. एकदाही भारतीय जिंकला नाही, आणि २०१९ नंतर तिची परंपरा खंडित झाली. बारा फुटी, दगडी पाट्यांचे टेबल गावोगाव परवडण्याजोगे नव्हे. वर्णाचे दार उघडले, तरी पैशाचे अर्धवट लोटलेलेच आहे. ‘स्नूकर आमच्या भूमीत जन्मले’ ही प्रौढी मिरविण्यास सोपी आहे. परंतु जन्मस्थानाने अधिकार येत नाही, तो अभ्यासाने येतो. आणि अभ्यासास आधी दार उघडे लागते.