प्रादेशिक पाणीपुरवठा योजना
एकाच जलस्रोतावरून अनेक गावांना नळाने शुद्ध पाणी पुरवणारी सामाईक व्यवस्था. महाराष्ट्रात पाणीपुरवठा व जलनिस्सारण ही दोन्ही कामे १९७७ मध्ये एका मंडळाकडे आली. तेच १९९७ पासून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण (पहा). गावांच्या अशा एकत्रीकरणाला बळ मिळते ते मुख्यतः अनुदानातून. जलजीवन मिशनमध्ये (२०१९) राज्यातील योजनांचा खर्च केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण आहे. सांडपाण्याची जोड मात्र सैलच राहिली. पंधराव्या वित्त आयोगाने (२०२१–२६) ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील ३० टक्के पिण्याच्या पाण्यासाठी व ३० टक्के स्वच्छतेसाठी बंधित केले (पहा : ग्रामपंचायत). रोहिणखेडसारख्या (ता. मोताळा, जि. बुलढाणा) गावांत अंतर्गत वितरण व पाणीपट्टीवसुली सामान्यतः ग्रामपंचायतीकडे असते.