मागून धरणाऱ्यांचा इतिहास

मोटारसायकल शिकण्याची आपली पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. रविवारची सकाळ, शाळेचे रिकामे मैदान आणि मागून कॅरिअर धरून धावणारे काका. क्लच सुटला की गाडी पुढे, काका मागे!

पण ही प्रथा आपली नव्हे. १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलरने पेट्रोलवर चालणारी दुचाकी बनवली. दुचाकी आपली म्हणायची. पडू नये म्हणून तिला दोन्ही अंगांना एकेक छोटे चाक होते. सांगाडा लाकडी, इंजिन अर्ध्या अश्वशक्तीचे, आणि तेही थेट बैठकीखाली. डाइमलरने तीवर आपल्या मुलाला, पॉलला, बसवले. वाटेत बैठकीने पेट घेतला म्हणतात. तेव्हा घरच्यांकडून गाडी शिकण्याची परंपरा अगदी पहिल्या गाडीपासूनची, आणि तिचे चटकेही.

अमेरिकेत १९७३ साली मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशन निघाले आणि नवशिक्यांसाठी रीतसर वर्ग सुरू झाले. पटांगणात शंकू मांडायचे, क्लच अर्धवट सोडून गाडी पायांनी चालवत न्यायची, वळताना जिकडे जायचे तिकडेच बघायचे. खड्ड्याकडे टक लावलीत तर खड्ड्यातच जाल!

एवढा खटाटोप कशाला? तर १९८१ साली हॅरी हर्ट यांचा अहवाल आला. लॉस एंजेलिस भागातले ९०० अपघात त्यांच्या मंडळींनी जागेवर जाऊन तपासले होते. त्यांतले ९२ टक्के स्वार आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. (मुळात वर्गाला जाणारेच थोडे, हे कॉमर्सवाल्याच्या लगेच लक्षात येते. पण शिकवणी झालेल्यांचे अपघात कमी, हेही त्याच अहवालात आहे.) आणखी एक गोष्ट निघाली. ऐन वेळी ही मंडळी मागचा ब्रेक करकचून दाबत आणि पुढच्याला नीट हातच लावत नसत. गाडी थांबवण्याचे बहुतेक काम तर पुढचाच करतो! आता आठवा, काकांची पहिली आज्ञा कोणती असते? "पुढचा दाबू नकोस रे, उलटा पडशील!" काका प्रेमानेच सांगतात, म्हणून तर ते डोक्यातून जात नाही.

मला भावली ती मात्र जपानी परीक्षा. १५ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद फळीवरून गाडी न्यायची. खाली उतरलात की नापास. शिवाय मोठ्या गाडीला निदान १० सेकंद लागलेच पाहिजेत. लवकर पोचलात तर गुण कापतात. आमच्या काउंटरबाहेरही जगात असा नियम आहे, हे कळल्यापासून मी टोकन देताना जरा ताठ बसतो.