नकली लोण्याची अस्सल हकीकत

तेल आणि पाणी यांचे वैर जुने. एका बाटलीत घालून कितीही हलवा, हात थांबताच दोन्ही आपापल्या थरांत परततात. दुधात मात्र स्निग्धांशाचे कण पाण्यात सुखाने नांदतात आणि लोण्यात, उलट, पाण्याचे थेंब स्निग्धांशात अडकून राहतात. रवी फिरवणाऱ्या आमच्या आज्या हे स्थित्यंतर रोज पहाटे घडवीत. शास्त्राने अशा मिश्रणास 'पायस' हे नाव दिले.

१८४६ च्या सुमारास पॅरिसचे औषधनिर्माते गोब्ले यांनी अंड्याच्या बलकातून एक स्निग्ध द्रव्य वेगळे काढले. बलकाच्या ग्रीक नावावरून १८५० मध्ये त्याचे 'लेसिथिन' असे नामकरण झाले. या द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करते, दुसरे तेलाशी. थेंबांभोवती अशा रेणूंचे कुंपण पडले, की ते सहजासहजी एकजीव होत नाहीत.

पुढे तिसऱ्या नेपोलियनला आरमारासाठी व गोरगरिबांसाठी स्वस्त लोणी हवे झाले. मेज-मूरिए यांनी १८६९ मध्ये गुरांच्या चरबीचा मऊ भाग दुधाबरोबर घुसळून मार्गारिन सिद्ध केले. दिसायला ते लोणी; पण तव्यावर पडताच तडतडून अंगावर उडे, कारण त्यातील पाण्याचे थेंब एकत्र येऊन एकदम त्यांची वाफ होई. बलक घातल्यास हे थांबे, परंतु गरिबाच्या लोण्यात महाग बलक घालायचा कोणी? डेन्मार्कमध्ये स्कौ यांनी १९१७ मध्ये खास पायसकारक तयार केला. पुढील दशकात जर्मनीत सोयाबीनचे तेल शुद्ध करताना उरणाऱ्या गाळातून लेसिथिन मिळू लागले. तेलगिरणीची अडगळ अशी कामास आली.

दुग्धव्यावसायिक अर्थातच खवळले. मार्गारिन लोणी म्हणून विकू नये, हा त्यांचा आग्रह आम्हांस न्याय्य वाटतो. अमेरिकेने मात्र १९०२ मध्ये पिवळ्या मार्गारिनवर पौंडामागे १० सेंट कर लादला. पांढऱ्यावर अवघा पाव सेंट. हा कर १९५० पर्यंत टिकला. तोवर गृहिणी पांढरा गोळा घरी आणून रंग स्वतःच कालवीत. फसवणुकीस दंड करावा हे समजते. पण स्वस्त भाकरीच्या रंगावर कर?

आपल्या वनस्पती तुपात पाणी जवळजवळ नसतेच, म्हणून त्याला हा मध्यस्थ लागत नाही. चॉकलेटच्या वा बिस्किटांच्या पुड्यावरील बारीक अक्षरे वाचण्याचा छंद असणाऱ्यांना ३२२ हा आकडा कधीतरी भेटला असेल; तो या लेसिथिनचाच.